ड्वेनच्या अठरा शर्टांची गोधडी

३ मार्च
अर्लीन बर्फावर घसरली. उजवं मनगट मोडलं, आठ आठवडे प्लॅस्टर. बायकोला मुहूर्त बरोबर सापडतो! वेल्डाला, माझ्या बहिणीला, नवऱ्याच्या शर्टांची गोधडी हवी आहे, डबल बेडची. १० मेला ड्वेनला जाऊन वर्ष होईल. तिनं अठराही शर्ट आणून दिले, स्वतःकडे एकही ठेवला नाही.
अर्लीनऐवजी आता मी शिवणार. तीस वर्षं शाळेत सुतारकाम शिकवलंय. कापड म्हणजे मऊ लाकूडच.

५ मार्च
अर्लीन म्हणते, दोन कापडं एकावर एक ठेव, दोन्हींतून एकाच वेळी हलकं वळण काप, म्हणजे पट्ट्या एकमेकींत बसतात. साचाबिचा नको, हाताच्या अंदाजानं. अंदाजानं! मी पुठ्ठ्याचा साचा केला, प्रत्येक पट्टी वेगळी, बिनचूक कापली. संध्याकाळपर्यंत अठराही शर्ट संपवले. आधी एक जोडी तरी शिवून बघायचीस, म्हणाली. प्लॅस्टरमुळे चिडचिडी झालीये.

१९ मार्च
शिवली. मधोमध फुगवटे. अर्लीन म्हणते, ओढतोस कशाला? मी ओढत नाही, ड्वेनचे शर्टच आडमुठे. त्याच्यासारखे.
वाफेची इस्त्री दाबून धरली. फुगवटे कडेला सरकले. प्रगती.

२ एप्रिल
कडांना लाटा. उपाय सोपा: गुण्या, म्हणजे सुताराची काटकोनी पट्टी, लावून चारी बाजू सरळ कापल्या. सिंगल बेडची झाली. वेल्डा आता एकटीच तर झोपते.

१६ एप्रिल
पुन्हा इस्त्री, पुन्हा लाटा, पुन्हा गुण्या. आता मांडीवर घेण्याजोगी. वेल्डाचा फोन आला, जुनी चादर आत्ताच काढून ठेवू का? म्हटलं, ठेव.

२८ एप्रिल
प्लॅस्टर निघालं. अर्लीन म्हणाली, दे इकडे, उसवते, अजून वाचेल. मुळीच नाही! शेवटी श्रेय तीच घेणार. कापून पाळण्याच्या मापाची केली.
गवत कापायच्या मशीनचं तेल गळतंय. उरलेल्या बाह्या नि कातरणं पुसायला छान.

९ मे, सकाळी
तेरा इंच बाय तेरा. एकही फुगवटा नाही! जमलं म्हणजे जमलं.

१० मे
वेल्डा आमच्याकडे जेवायला आली. गोधडी टेबलावर मांडून ठेवली होती. तिनं ओव्हनमधून बटाट्याचं भांडं काढलं आणि थेट तिच्यावर ठेवलं. मग विचारलं, माझी गोधडी कुठाय रे?
सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एक तरी शर्ट उरलाय का, म्हणाली. नव्हता. स्वतःच गॅरेजमध्ये गेली, तेलानं काळी झालेली एक बाही घेऊन आली. नाकाशी धरून रडली. ड्वेन जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा. म्हणाली, अजून त्याचाच वास येतोय.
ते माझ्या मशीनचं तेल होतं. मी बोललो नाही. अर्लीन माझ्याकडे बघत राहिली.
वेल्डा बाही घेऊन गेली. गोधडी इथेच आहे, भांड्याखाली.