टिंबांची रेघ

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अर्थविषयक दैनिकातली निवृत्त आलेखकार, पूर्ण शुद्धीवर राहून हे लिहून ठेवते. दुपारी खिडकीपाशी मला डुलकी लागते आणि जुने आकडे डोळ्यांपुढून तरंगत जातात, हे खरे. पण खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितले आहे की एवढ्याने बुद्धी बिघडत नाही. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जबरदस्ती करायला घरात दुसरे आहे कोण?

१. माझी शाईची पेने, वक्र पट्ट्या आणि उतरते टेबल भाचीला द्यावे. तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. टेबलाचा डावा पाय आखूड आहे, खाली पुठ्ठा घालावा.

२. माझे खोडरबर आमच्या बाजारपानाच्या उपसंपादकांना द्यावे. सगळी कचेरी त्यांना होयबा म्हणे. दर तिमाहीला एका शेअरदलाल पेढीचा विश्लेषक फोनवरून कंपन्यांच्या पुढच्या नफ्याचे अंदाज सांगायचा, होयबा त्याची री ओढायचे आणि मी रेघ काढायची: झालेला नफा सलग, होणारा नफा टिंबांनी. टिंबे नेहमी वर जात. प्रत्यक्षात नफा कमी आला की नवा कागद, नवी टिंबे. मागच्या टिंबांचे काय झाले, हे होयबांनी त्या साहेबांना तीस वर्षांत एकदाही विचारले नाही. मी एकदा सुचवले, तर म्हणाले की बाई, तुम्ही आपल्या रेघा काढा. त्याचा राग अजून आहे. तो कोणाच्या नावे करता येत नाही, म्हणून बरोबर नेते.

३. कपाटातले ट्रेसिंगचे कागद रद्दीत घालू नयेत. पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे सात वर्षांचे कागद एका दुपारी मी एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले होते. सलग रेघ तळाशी आडवी पडलेली, आणि तिच्यातून दर वर्षीची टिंबे गवतासारखी वर उगवलेली. त्यातले एकही टिंब खरे झाले नव्हते. इतके सुंदर चित्र माझ्या हातून दुसरे झाले नाही. अजूनही डुलकीत ती टिंबे कागदावरून सुटतात, उन्हात खोलीभर फिरतात, आणि मी नुसती बघत बसते.

४. हे राहते घर धाकट्या भावाला द्यावे. कारण लिहिणे भाग आहे.

मी ते कागद काचेला लावले, त्याच आठवड्यात तो आमचा पेपर घेऊन आला. घड्याळदुरुस्तीचे स्वतःचे दुकान घ्यायला जमवलेले सगळे पैसे पंपवाल्यांच्या शेअरमध्ये घालायचे त्याच्या मनात होते. आकडे त्याला कळत नव्हते, माझी रेघ ओळखीची होती.

"ताई, ही रेघ खरी आहे ना?"

"छापून आलंय ना," मी म्हणाले.

काचेवरचे चित्र पाहिलेले असून म्हणाले. नोकरीची भीती होती, आणि आपल्या रेघेवर कोणी इतका विसंबतो याचे सुखही वाटले होते, त्याची आज लाज वाटते. पैसे बुडाले. एकोणीस वर्षे तो दुसऱ्याच्या दुकानात बसून घड्याळे उघडतो. त्याने मला कधी बोल लावला नाही, स्वतःलाच मूर्ख म्हणत राहिला. तो मूर्ख नव्हता. मला ठाऊक होते आणि मी गप्प बसले.

पुरवणी: कलम ४ मधील घर आता भाचीला जावे. त्याचे असे झाले. आज वकीलबाईंनी मजकूर वाचून दाखवला तेव्हा भाऊ समोर बसला होता. ठरलेला दुसरा साक्षीदार आला नाही, तेव्हा मी सही करतो, असे तो म्हणाला. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, सही केली तर घरावर पाणी सोडावे लागेल, हे वकीलबाईंनी त्याला दोनदा समजावले. त्याने कागद मागून घेतला, डोळ्याला दुरुस्तीचे भिंग लावले आणि चौथे कलम स्वतः वाचले. बराच वेळ वाचत होता. मला त्याच्याकडे बघवेना.

मग म्हणाला, "घर राहू दे, ताई. तू लिहिलंयस ते खरं आहे, एवढी सही मला करू दे."

ठिकाण: माझी खोली, खिडकीजवळ
तारीख: नऊ मार्च, दुपारी चार

लिहून ठेवणारी: (सही)
साक्षीदार १: डॉक्टरीणबाई, खालचा मजला (सही)
साक्षीदार २: धाकटा भाऊ, घड्याळदुरुस्ती. वाचून सही केली. (सही)