तोंडावरचा हात

ता. १२ डिसेंबर १९३३, अमरावती
तीन आठवडे वही उघडली नाही; दोष माझाच. लिहायला बसलो की मागचं दार बघावंसं वाटे. आज भिंतीला पाठ लावून बसलो आहे.
मोर्शीहून दमणीने येत होतो. भरदुपारी गाडीवान बैलांना पाणी दाखवायला नाल्यात उतरला आणि मागून कुणीतरी माझं तोंड दाबलं. मानेवर सुरी. घड्याळ गेलं. चेहरा दिसला नाही. हाताला संत्र्याचा वास होता. एवढंच.

ता. १४
शाळेत शिपायाने मागून हाक मारली. खडू मोडला. मुलं हसली, मीही हसलो.
सौ. म्हणाली, "अहो, घड्याळच गेलं ना? जीव तर वाचला." खरं आहे. तरी मानेवर पातं अजून...

ता. १५
फळबाजारात गोविंदा नावाच्या हमालाने माझ्या खांद्याजवळून टोपली उतरवली. तोच वास. घाम फुटला, मी खाली बसलो. "हाच तो!" मीच ओरडलो.
ठाणेदारांनी विचारलं, "चेहरा पाहिला ना, मास्तर?" मी होकाराची मान हलवली. जबाबाखाली सही केली. का?

ता. १७
गोविंदाची बायको दारात. आत बोलावलं नाही, भीती वाटली. बाईची!
"मास्तरसाहेब, माह्या मानसाले कावून धरून देलं? त्या दिवशी आमी दोघंबी रिद्धपूरले दर्शनाले होतो. चार लोकं सांगतीन. पन तुमी शिकेल मानूस, तुमचंच खरं मानून राहिले."
दाराला कडी लावली. मग पुन्हा तपासली. पुन्हा.

ता. १९, अकोला
हवापालट म्हणून सौ.च्या भावाकडे, नानांकडे. नाना म्हणाले, "या, चोर धरणारे जावई!"
संध्याकाळी बाजारात एका म्हाताऱ्या माळणीने सोललेली फोड थेट तोंडाशी आणली. "चाखून तं पाहा जी, साखर हाय." मी रस्त्यातच खाली बसलो. घाम, दातखीळ.
"काय झालं जी? माह्या संत्र्यात इख हाय का?"
तसंच खाली बसणं. तोच घाम. आणि गोविंदा अमरावतीच्या कोठडीत.
मोसमात कुणाच्या हाताला हा वास नसतो?

ता. २०
नानांना सांगितलं. थट्टा थांबली. "जबाब फिरवाल तर खोट्या जबाबाबद्दल तुम्हालाच धरतील. नोकरीही जाईल. आणि तो खरंच तोच निघाला तर? घर पाहिलंय त्याच्या बायकोने."
तो नसेल, तर तो दुसरा मोकळा फिरतो आहे. तो असेल, तर मीच त्याला सोडवणार. दोन्हीकडून पाठ उघडी.

ता. २१, अमरावती
परतलो. सौ.ने न विचारता घरातली संत्री उचलून शेजारी दिली. मला बरं वाटलं, त्याचीच लाज वाटली.
उद्या: शाळेआधी ठाण्यात जाऊन 'चेहरा पाहिला नव्हता' असं लिहून देणे.