लगाम काढलेले जिवाणू

४ मार्च
शंकासुर आज प्रयोगशाळेच्या भर बैठकीत म्हणाला, "ताई, तुमचाच प्रयोग मी केला, तर निकाल तुमच्यासारखा येत नाही." सगळ्यांसमोर! शेजारच्याच टेबलावर बसतो – चार पावलं चालून सांगता आलं नसतं?
वर्षाचं काम आहे माझं. जिवाणूच्या डीएनएची नक्कल एक प्रथिन सुरू करून देतं. दुसरं लगेच त्याला धरून गप्प करतं. लगामच तो. मी लगामाचं जनुक काढून टाकलं, तरी नक्कल वेळेवर, एकदाच! याचे जिवाणू म्हणे पुन्हापुन्हा सुरुवात करतात नि मरतुकडे होतात. नाचता येईना...

५ मार्च
अजून धुमसतेय. नवरा म्हणतो, "अगं, पण त्याचं खरं असलं तर?" घरचाच आहेर!

११ मार्च
सरांनी बोलावलं. शंकासुराला कायम करायचं की नाही, ते ठरतंय. "एवढंच लिहून द्या, त्याच्या हाताला नेमकेपणा नाही." दिलं. तीन ओळी. खोटं काही लिहिलं नाही, असं वाटतंय.
वाटतंय, म्हणजे?

१४ मार्च
त्याला काढलं. खोकं उचलताना म्हणाला, "ताई, फ्रिजमधली जिवाणूंची प्लेट वापरू नका. फ्रीझरमधल्या मूळ साठ्यातून ताजे वाढवा." मला शिकवतोय!

१५ मार्च
इथे तरी खरं लिहू. फ्रिजमधलीच वापरत होते. जुन्या प्लेटवरून नवी, तिच्यावरून आणखी नवी. ताजे वाढवायचे तर दोन दिवस थांबावं लागतं – कंटाळा.
आज ताजे लावले.

१७ मार्च
मरतुकडे. हुबेहूब त्याच्यासारखे.
म्हणजे माझ्या प्लेटवर आजारी मागे पडले. एखाद्याच्या सुरुवात करणाऱ्या प्रथिनातच बिघाड झाला, ते मंदावलं, आणि तोच फोफावला. लगाम नाही, पण घोडाही लंगडा! मी वर्षभर त्याचीच चाल मोजली.
आणि त्या तीन ओळी?

१८ मार्च
खात्री करायला जुन्या प्लेटचा नमुना सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचून घ्यायला, नेला. तिथल्या बाई म्हणाल्या, "हा तर झालाय की मॅडम, तुमच्याच प्लेटचा." शंकासुराने दिला होता – मला न विचारता! बाईंनी नोंद काढून दाखवली: बिघाड तिथेच, सुरुवात करणाऱ्या प्रथिनात.
अहवाल नेल्याची सही सरांची. ९ मार्च.
माझ्याकडून लिहून घेतलं ११ ला!