प्रेमिलासाठी घेतलेली खुर्ची

४ फेब्रुवारी २०२५
निर्णय पक्का. जिन्यावर चढणारी विजेची खुर्ची घ्यायची. प्रेमिलासाठी. बायकोच्या गुडघ्यांचा विचार नवऱ्यानेच करायचा असतो.
माझे गुडघे ठीक आहेत. जिन्यात मध्येच थांबतो ते मोबाईल बघायला.
लोकेशचा नागपूरहून फोन होता. म्हणे, बाबा, डॉक्टर जिना चढायला नाही म्हणतात तर वर झोपू नका. तुमचा पलंग खाली आणू, वरचा मजला भाड्याने देऊन टाकू. पाडव्याला येतो, तेव्हाच हे उरकतो. उरकतो म्हणे! मी काय जुनं कपाट आहे?
वरचा मजला मी बांधला. गॅलरीतून आमच्या कुडवा वस्तीचा अख्खा रस्ता दिसतो. कोणाकडे पाहुणे आले, कोणाचा पोरगा कोणाच्या गाडीवर बसून आला, हे खालून कोण बघणार?
प्रेमिलाला खुर्चीचं सांगायला गेलो तर ती गच्चीवर पापड वाळू घालत होती. वरूनच ओरडली, मले कायले पाहिजे जी खुर्ची? मग सुपडं घ्यायला खाली आली, परत वर गेली. किती त्रास होत असेल बिचारीला.

१२ फेब्रुवारी
कंपनीचा गजेंद्र नावाचा माणूस माप घ्यायला आला. विचारलं, बसणार कोण? मी प्रेमिलाकडे बोट दाखवलं. त्याने माझं वजन विचारून लिहून घेतलं. निष्काळजी माणूस.

२७ फेब्रुवारी
खुर्ची बसली! भिंतीच्या कडेने रूळ, त्यावर खुर्ची. नारळ फोडला. शेजारचा घनश्याम आलाच. म्हणाला, क्या केवलराम भाऊ, घर में ही टेसन बना लिया? जळतो.
पहिला मान प्रेमिलाचा होता. मले चक्कर येते, तुम्हीच बसा, असं म्हणाली. म्हणून चाचणीसाठी मी बसलो. अशी चाचणी रोज घ्यावी लागेल असं दिसतं.
गजेंद्र पट्टा बांधा म्हणत होता. पट्टा लहान मुलांना.
शिवाय जिन्याखालचं बटन नेहमी चालू ठेवा, वगैरे बरंच सांगत होता. वीज खात्याच्या बिल विभागात जन्म काढलेल्या माणसाला बटनाची शिकवणी! त्याचं होईपर्यंत मी मान हलवत राहिलो.

३ मार्च
आजच्या चाचण्या: सहा. सर्व यशस्वी.
संकल्प: झोपायला जाण्यापूर्वी घरातलं प्रत्येक बटन बंद करणार. जिन्याखालचंसुद्धा. खुर्ची उभी असताना करंट कशाला खाते? बंद करूनही ती मला झकास वर नेते. गजेंद्रला काही कळत नाही, हे सिद्ध झालं.
मी वर पोचलो की ती थोड्या वेळाने बीप-बीप करते. प्रेमिला स्वयंपाकघर आवरून वर येते, तोवर आवाज आपोआप थांबलेला असतो. नवं मशीन आहे, रुळायला वेळ लागणार.

१० मार्च
रात्री बंद केलेलं बटन रोज सकाळी चालू सापडतं. प्रेमिलाचा विसरभोळेपणा. आज समज दिली. बरं जी, म्हणाली. समजूतदार बाई आहे.

११ मार्च
पुन्हा चालू.

२१ मार्च
प्रेमिला आठ-नऊ दिवसांसाठी बहिणीकडे, सडक अर्जुनीला गेली. पाडव्याला लोकेश नागपूरहून येताना तिला गाडीत घेऊन येईल.
निघताना दारातून म्हणाली, ते खालचं बटन बंद नोका करू जी. बसमधून फोन करून परत तेच. बहिणीला द्यायचे लोणचं-पापडाचे डबे सोडून हिला काळजी बटनाची.

२२ मार्च
सकाळी तपासलं. सगळी बटनं बंद. कोणी चालू केलेली नाहीत. शिस्त म्हणजे ही.

२४ मार्च
बीप थांबत नाही. खुर्चीवर उशी ठेवली. तरी आवाज येतो. उशीवर गादी ठेवली.

२६ मार्च
खुर्ची हळू चालते आहे. उन्हाने असणार. गोंदियाच्या उन्हात माणसं हळू चालतात, हे तर यंत्र.
गजेंद्रला फोन लावला. पहिलाच प्रश्न, सर, स्विच चालू है ना? अशा प्रश्नाला एकच उत्तर देता येतं. चालू है, म्हणालो.

२९ मार्च
उद्याची योजना: लोकेशची गाडी गॅलरीतून दिसली की खुर्चीत बसायचं. तो दारात पाऊल ठेवेल आणि मी वरून बसल्या बसल्या खाली येईन. पांढरा शर्ट, हातात पेपर. पलंगाचा विषय तो काढणारच नाही.
उद्यासाठी मशीनला पूर्ण विश्रांती दिली. काल संध्याकाळी वर आलो तेव्हापासून बटन बंद, खुर्चीही बंद. त्यामुळे मीही वरच. बिस्किटांवर दिवस काढला. उपास तब्येतीला चांगला.

३० मार्च, सकाळी
पाडवा. शर्ट घातला. गाडी वळली! बसतो.

३० मार्च, दुपारी
लिहिलं पाहिजे.
लोकेश आणि प्रेमिला दारात. मी निघालो. अर्ध्या जिन्यात खुर्ची थांबली. मी पेपर वाचायला लागलो, जणू तिथेच थांबायचं होतं. पेपर परवाचा होता.
प्रेमिलाने जिन्याखालच्या बटनाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. बटन चालू केलं. खुर्ची हलली नाही. लोकेशने गजेंद्रला फोन लावला. त्याने सांगितलं, खुर्ची बॅटरीवर चालते आणि बटन चालू असेल तरच चार्जिंग होतं, तेही रुळाच्या टोकालाच, मध्ये नाही. मी हे ऐकलंच नव्हतं.
घनश्याम साखरगाठी घेऊन आलेला. म्हणाला, उतर जाओ ना भाऊ, टेसन तो अपना ही है.
उतरणार होतो. उजवा गुडघा सरळ झाला नाही. दोनदा उठलो, दोनदा बसलो. पाय पायरीवर टेकत होते, पण त्यांच्यावर भार देता येईना. घनश्याम हसायचा थांबला. ते जास्त वाईट वाटलं.
प्रेमिला म्हणाली, काऊन लपवून राहिले होते जी इतके दिवस? मले का दिसत नव्हतं?
लोकेश वर आला, पाठ वाकवून उभा राहिला. पाठीवर घेतल्यावर म्हणाला, हलके झाले तुम्ही बाबा. मग तिथेच थांबून विचारलं, वर नेऊ का खाली?
भांडत नव्हता. खरंच विचारत होता. मी वर म्हटलं असतं तर त्याने वर नेलं असतं.
गॅलरीचं दार उघडं होतं. तिथून उजेड येत होता.
मी म्हटलं, खाली.

६ एप्रिल
पलंग खाली आला. निर्णय माझा. वरचा मजला काय, कोणालाही बांधता येतो.
इथल्या खिडकीतून कंपाउंडच्या भिंतीवरून फक्त डोकी दिसतात. डोक्यावरून माणूस ओळखण्याचा सराव सुरू केला आहे. सकाळी एकाला घनश्याम समजून हाक मारली. दूधवाला निघाला.
जिन्याखालच्या बटनावर प्रेमिलाने चिकटपट्टी लावली आहे. मी हात लावत नाही. तिच्या समाधानासाठी.
खुर्ची आता छान चालते. प्रेमिलाने ओल्या कपड्यांची बादली खुर्चीवर ठेवली आणि स्वतः शेजारून पायऱ्या चढायला लागली. म्हणजे खुर्ची शेवटी तिच्याच कामाला आली, मी म्हणतच होतो.
बादली वर चालली आहे. पट्टा बांधून.