चंद्रावरचे बांध

नाना,

चंद्राच्या फोटोंचं ते जाडजूड पुस्तक आईनं रद्दीत घातलं, तेव्हा त्यातलं एक पान मी फाडून ठेवलं होतं. तुमच्या अमेरिकेतल्या मामेभावानं पाठवलेलं पुस्तक, चंद्राभोवती घिरट्या घालणाऱ्या यानांनी काढलेल्या फोटोंचं. त्या फोटोंत मनोरे दिसतात, घुमट दिसतात, असं तेव्हा मासिकांतून छापून यायचं. कचेरीतून आलात की तुम्ही जळगावच्या आपल्या खोलीत दाराशी उजेडाला बसून, डावा डोळा मिटून, उजव्याला भिंग लावून एकेक पान पालथं घालायचात. मनोऱ्यांना मात्र तुम्ही हसायचात. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजलेला माणूस. "वस्ती व्हई तं पहिले बांध दिसी," म्हणायचात. सरळ रेघ दिसली की समजायचं, इथे कधीतरी दोन भाऊ भांडले आहेत, एवढं साधं तुमचं शास्त्र होतं.

आणि तुम्हाला बांध सापडले. आई कळण्याची भाकरी थापते आहे, तुम्ही पुस्तक घेऊन चुलीपाशी उभे आहात, चपला काढायचंही भान नाही. फोटोभर सारख्या रुंदीचे पट्टे, वाटणी करून दिल्यासारखे, आणि त्यांच्यामधून सरळ बारीक रेघा. "देख, बठ्ठा बांध कसा सरळ शेतस!" तुम्हाला इतकं खूश मी फार कमी वेळा पाहिलं. मी नुकतीच कॉलेजात जायला लागले होते आणि शहाणपणा उतू चालला होता. मी सांगितलं, यानानं फोटो पट्ट्यापट्ट्यांनी खाली पाठवला, ते शेजारी शेजारी लावून चित्र जुळवलं, हे नुसते जोड आहेत. तुम्ही भिंग धोतराला पुसलंत आणि पुन्हा त्याच पानावर धरलंत.

पुढल्या वर्षी तेच पान उघडून तुम्ही परत स्वयंपाकघरात आलात. चेहरा उतरलेला. मधोमध बोट ठेवून म्हणालात, "आठे सरळ व्हतात. आते वाकडा शेतस. कोन्ही तरी बांध कोरी टाकात!" आई म्हणाली, "का हो, चांदवर बी भाऊबंदकी शे का?" आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे बघून हळूच विचारलंत, "जोड व्हतात ना? मंग वाकनात कसा?" छापलेली रेघ वाकत नाही, हे तिघांनाही ठाऊक होतं, आणि तो विषय तिथेच राहिला.

मग धरणगावकडची ती मोजणी झाली. मोजणीच्या फळीवर पट्टी ठेवून, नेहमीसारखा डावा डोळा मिटून तुम्ही पट्टीच्या फटीतून लांबच्या झेंडीवर नेम धरलात आणि दोन चुलतभावांच्या मध्ये दगड रोवून आलात. फेरमोजणीत दगड एकाच्या शेतात घुसलेला निघाला. ज्याची जमीन वाढली त्याच्याकडून तुम्ही पैसे खाल्ले, असं बोललं जाऊ लागलं. असोद्याच्या कुणा शेतकऱ्यानं तुमच्या सायकलला बांधलेली केळीची फणीसुद्धा तुम्ही सोडून परत द्यायचात. तुम्हाला मोजणीवरून काढून कचेरीत टेबलाच्या कामाला बसवलं, चौकशी लागली. कचेरीतली माणसं तुमच्यासोबत चहाला जाईनाशी झाली. घरी जेवताना मध्येच थांबून तुम्ही म्हणायचात, "मी नेम बराबर धरा व्हता." आई मान हलवायची आणि वाढत राहायची. चौकशी संपायच्या आधीच तुम्ही गेलात. दहाव्याला घाटावर तुमच्याच कचेरीतला एकजण म्हणाला, "जाऊ द्या, गेला बिचारा. खाल्ले असतील थोडेफार." मी ते ऐकलं. पुढे आईही त्याच बोलण्याचं ओझं घेऊन गेली.

परवा धुळ्याला डोळ्यांच्या दवाखान्यात गेले होते. दाराची चौकट मला काही दिवसांपासून वाकडी दिसत होती, तीही डावा डोळा चोळताना, म्हणजे तो झाकलेला असतानाच. डॉक्टरांनी चौकटी आखलेला कागद पुढे धरला आणि एकेक डोळा झाकून बघायला लावलं. डाव्यानं सगळं सरळ. उजव्यानं रेघा मधोमध वाकलेल्या, कुणीतरी कोरल्यासारख्या. डॉक्टर म्हणाले, पडद्याचा आजार आहे, घराण्यात येऊ शकतो. दोन्ही डोळे उघडे असले की बरीच वर्षं कळतच नाही. बरा होणार नाही, जपायचं. पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मला तुमचं भिंग दिसत होतं, तुमची फळी दिसत होती.

नाना, तुम्ही नेम बरोबरच धरला होता, रेघ वाकली ती डोळ्यात. पण हे सांगू कुणाला? ते चुलतभाऊ आता नाहीत, कचेरीतली ती माणसं कुठे आहेत कोण जाणे. म्हणून तुम्हाला लिहिते आहे, आणि तुम्हाला तरी कुठल्या पत्त्यावर पाठवणार. माझ्या डोळ्याचं घरी अजून सांगितलेलं नाही. सांगितलं की सगळे हळहळतील, आणि मी तर त्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून आनंदानं रडले होते.