शरीर वाचनात येते

३ फेब्रुवारी

आणली! दोन किलोंची सरमिसळ पिशवी. मोजमापाची यंत्रे बनवणारा कुठला तरी कारखाना बंद पडला, आणि त्याचा उरलेला माल दुकानदाराने फावड्याने भरावा तसा पिशव्यांत भरला — रेझिस्टर, कपॅसिटर, डायोड, सगळे एकमेकांच्या तारांत गुरफटलेले. वर चिठ्ठी : ‘मिक्स, उत्तम’. हे दोन शब्द एका चिठ्ठीवर शेजारी बसवणाऱ्या इसमाला मी माझ्या प्रयोगशाळेच्या उंबऱ्याशीही उभे केले नसते.

“बाई, आत काय निघेल ते तुमचं नशीब,” म्हणाला. नशीब नव्हे. संभाव्यता.

एरवी हा छंद माझा एकटीचा. या वेळी पिशवी धाकट्या भावासाठी. शस्त्रक्रियेच्या टेबलावर त्याचे हृदय काही वेळ थांबले होते. पुन्हा चालू केले. घरी येऊन आठवडा झाला. डॉक्टरांनी बजावले आहे — बोटांना काम द्या, डोक्याला ताप नको. सुट्टे भाग निवडून खणांत लावण्याइतके निर्मळ काम मला दुसरे ठाऊक नाही.

भावजय म्हणाली, “वन्सं, माझी लोकर सोडवायला दिली असती तरी चाललं असतं की!” हसण्यावारी नेले.

५ फेब्रुवारी

धाकटा तीन तास एका जागी बसला. हा! जो लहानपणी चपलेचा बंदही धडपणे लावत नसे. एक रेझिस्टर उचलायचा, रोध मोजणाऱ्या मीटरला लावायचा, आकडा मला सांगायचा, खणात टाकायचा. कंटाळा नाही, जांभई नाही, पाणीसुद्धा मागितले नाही. शिस्त लागण्यासाठी एवढा मोठा आजार लागावा, याचे मात्र नवल वाटते.

एकच दोष. रेझिस्टरची दोन्ही टोके तो दोन्ही हातांच्या बोटांत धरतो. मी चिमटे वापरते. गेली कित्येक वर्षे उघड्या हाताने एकही टोक धरलेले नाही. विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला हेच शिकवीत असे : मनुष्यदेह हाही एक रोध आहे. टोके बोटांत धरली की वीज थोडी तुमच्यातूनही जाते, शरीर वाचनात येते, आणि आकडा खाली घसरतो. रोध लहान असेल तर ते जाणवत नाही. मोठा असेल तर आकडा पार कोसळतो.

“हात काढ!”

“ताई, तू वर्गात नाहीस,” म्हणाला. तरीही हात काढले नाहीत.

६ फेब्रुवारी

काल त्याने मोजलेले सारे मोठे रेझिस्टर मी चिमट्यांनी पुन्हा मोजले. चुकांची रास सापडणार, अशी खात्री होती.

एकही चूक नाही.

७ फेब्रुवारी

मीटर सदोष असणार. प्रमाणित रेझिस्टर कपाटातून काढून त्यावर ताडून पाहिले. मीटर निर्दोष.

मग भावजयीला बोलावले. दहा मेगओहमचा, म्हणजे फार मोठ्या रोधाचा, रेझिस्टर तिच्या बोटांत दिला. आकडा कोसळला — एक मेगओहमच्याही खाली. मी स्वतः नियम मोडून धरला. कोसळला. धाकट्याच्या हाती दिला. दहा. दशांशस्थळांपर्यंत दहा. जणू रेझिस्टर कुणी धरलेलाच नाही!

“म्हणजे मी मोजण्यात येते म्हणायची,” भावजय म्हणाली. “या घरात पहिल्यांदाच!”

धाकटा खो खो हसला. मीही हसले. उशिरा.

कारण शोधले आहे : औषधांनी त्वचा कोरडी पडत असावी.

९ फेब्रुवारी

त्याच दुकानातून त्याच कारखान्याची दुसरी पिशवी आणली. हवे होते फक्त मोठ्या रोधाचे रेझिस्टर. “बाईंना चटक लागली!” दुकानदार.

धाकट्याचे हात मिठाच्या पाण्यात बुचकळले. त्याने मुकाट्याने बुचकळू दिले. ओल्या बोटांत रेझिस्टर — आकडा ढळला नाही. मग रेझिस्टर बाजूला ठेवून मीटरची दोन टोके थेट त्याच्या दोन मुठींत दिली. ओल्या मुठी, घट्ट आवळलेल्या. ती टोके मेजावर एकमेकांपासून दूर पडलेली असताना मीटर जे दाखवतो, तेच आताही दिसले.

मध्ये काहीही नाही.

“ताई, नापास का मी?”

“बस खाली,” म्हटले. तो बसलेलाच होता.

१० फेब्रुवारी

तो जेवतो. चालतो. मला चिडवतो. नाडी पाहिली — लागते. स्वच्छ, समान अंतराची, इतकी समान की मला ती आवडली नाही. अचूकता न आवडण्याचा हा आयुष्यातला पहिला प्रसंग!

११ फेब्रुवारी

भावजयीला सांगावे की नाही, या विचारात होते. तीच आली. स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले.

“वन्सं, मोबाइल यांच्या बोटाला दाद देत नाही. आल्या दिवसापासून. मीच लावून देते सगळे फोन. म्हटलं, काच खराब असेल. माझ्या बोटाला चालतो.”

“आणि काय?”

“आणि काही नाही. घोरत नाहीत आता. बाकी सगळं तेच आहे. माझी खोडी काढतात, भाजीत मीठ कमी म्हणतात. तेच आहेत, वन्सं.” मग एकदम, “सोमवारी तपासणी आहे. छातीला तारा लावून कागद काढतात ना? त्या कागदावर काय येईल?”

मला ठाऊक आहे काय येईल. हृदयाचा आलेख त्वचेवरूनच घेतात. सरळ रेषा येईल. चालत्याबोलत्या माणसाची सरळ रेषा! मग ते त्याला सोडणार नाहीत. आत ठेवून घेतील, उलगडत बसतील, आणि परत देताना काय देतील?

“नेऊच नका,” ती म्हणाली.

मी म्हटले, मोजमाप टाळणे हा अप्रामाणिकपणा आहे.

१४ फेब्रुवारी

दोन दिवस तिच्याशी वाद. मी : जे आहे ते कळलेच पाहिजे. ती : “कळून तुम्ही काय करणार? खण करून त्यावर चिठ्ठी लावणार?”

धाकटा पलीकडच्या खोलीत निवडत बसलेला. तारांचा बारीक किणकिणाट येत होता. मध्येच थांबला.

“मला परत तिथं पाठवू नका गं,” तिथूनच म्हणाला. तक्रारीचा सूर नव्हता. लहान असताना शाळेच्या फाटकाशी असाच म्हणायचा. तेव्हा मी ऐकले नव्हते.

भावजयीने डोळे पुसले. “जे काही असेल ते असो. मी यांना त्यात एकटं राहू देणार नाही.” रागाने म्हणाली, आणि त्याच्याजवळ जाऊन बसली. त्याचा हात हातात घेऊन.

१७ फेब्रुवारी

नेले. न नेणे माझ्याच्याने झाले नाही.

तंत्रज्ञ तरुण होता, नखे अस्वच्छ, शिटी वाजवत काम करणारा. एरवी दोन शब्द सुनावले असते. तारा लावल्या. शिटी थांबली. तारा काढल्या, छाती पुसली, पुन्हा लावल्या. “लीड सुटल्यासारखं दाखवतंय.” दुसऱ्या तारा आणल्या. कागद सरकत राहिला. त्यावर पट्टीने ओढावी अशी रेषा.

धाकटा छताकडे पाहत पडून होता. भावजयीने त्याचा तळवा दोन्ही हातांनी धरलेला.

“मावशी, असं कसं होईल?” तंत्रज्ञाने मला विचारले. मला! बहुधा मीच त्या खोलीत त्यातले काही कळणारी दिसत असेन. “डॉक्टरांना बोलावू?”

यंत्राला दोष देणाऱ्यांची मी आयुष्यभर कीव केली. त्या यंत्रात दोष नव्हता. आवाजावरून कळत होते.

“यंत्र बिघडले आहे,” मी म्हणाले. “जुने दिसते. नाडी पाहा, उत्तम आहे.”

त्याने नाडी पाहिली. चेहरा सैल पडला. “हो की! मशीनच गंडलंय.” कागद चुरगाळून टोपलीत. पुढच्या महिन्याची तारीख मिळाली.

जिना उतरताना धाकट्याने माझा हात धरला. त्याचा हात थंड नव्हता, गरमही नव्हता. भावजय वळून म्हणाली, “वन्सं, तुमचे उपकार!” मी म्हटले, पायरी बघ.

१८ फेब्रुवारी

पुण्य की पाप, कळत नाही. झोप मात्र गाढ लागली.

२१ फेब्रुवारी

आज भावजयही निवडायला बसली. आपणहोऊन. मोठा रेझिस्टर उचलला, दोन्ही टोके उघड्या बोटांत. “हात काढ” म्हणणार, तोच मीटरकडे लक्ष गेले. दहा. दशांशस्थळांपर्यंत.

तिने तो न पाहताच योग्य खणात टाकला. दोघांनी एकाच वेळी माझ्याकडे पाहिले.

“ताई, आता तूच राहिलीस,” धाकटा म्हणाला. फार मायेने म्हणाला.