नाव नसलेल्या वनस्पतीच्या जप्तीबाबत

प्रति,
मा. वनपरिक्षेत्र अधिकारी,
बोदराझरी, जि. गोंदिया

विषय : जप्त नमुना, कागद क्र. ३७, जाळून नष्ट न करणेबाबत.
संदर्भ : आपले पत्र, दि. १२ जानेवारी २०२६.

महोदय,

१. मी वनस्पतिशास्त्राची प्राध्यापिका असून गेली सव्वीस वर्षे या जिल्ह्यातील जुन्या तलावांच्या काठावरील वनस्पतींचा अभ्यास करीत आहे. धानाला पाणी सोडून तलाव उतरला की ओल्या काठावर काही रोपे जेमतेम तीन आठवडे उगवतात, फुलतात आणि संपतात. एकाच कुळातली ही रोपे तलावागणिक कशी बदलत गेली, एवढाच माझा विषय आहे. आजवर एक्केचाळीस तलाव पाहून झाले.

२. दि. ११ डिसेंबर २०२२ रोजी बोदराझरीच्या तलावावर मला बोटभर उंचीचे, पांढऱ्या गोल फुलोऱ्याचे एक रोप आढळले. ते कोणत्याही ग्रंथात नाही. तलाव बांधणाऱ्या घराण्यातील श्रीमती अनुसयाबाई कापगते (वय ८१) यांना विचारले असता त्या म्हणाल्या, "याले कायले एवढी पाहून राहिली बाई? पांढरमुंडी हाये ते. आमच्या तलावावरच होते, दुसरीकडं नाही." मला हे समजायला तेवीस वर्षे लागली, हे मी त्यांना सांगितले नाही.

३. आठवड्याभराने, दौऱ्यातली सर्व रोपे एकेका कागदावर दाबून वाळवून परतताना वनरक्षक श्री. भूपेंद्र यांनी मला नाक्यावर अडवले. "मॅडम, हे काय नेऊन राहिल्या?" मी परवाना दाखवला. परवान्यात गोळा करावयाच्या वनस्पतींची नावे होती. कागद क्र. ३७ वरील रोपाला नावच नसल्याने ते यादीत नव्हते. त्यांनी नियमानुसार सर्व ३७ कागद जप्त केले. पंचनाम्यात "वाळलेले गवत, अंदाजे ९०० ग्रॅम" अशी नोंद आहे. ते गवत नाही. परंतु वजनाबाबत माझी तक्रार नाही.

४. पुढे आपल्या कार्यालयाने मुद्देमाल ओळखण्यासाठी आमच्या महाविद्यालयाकडे तज्ज्ञ मागितला. महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राची मी एकटीच असल्याने प्राचार्यांनी मलाच पाठवले. माझ्याकडून जप्त केलेला माल मी आपल्या टेबलावर शासकीय तज्ज्ञ म्हणून तपासला आणि ३६ नावे लिहून दिली. ते कागद मला परत मिळाले, त्याबद्दल आभारी आहे. कागद क्र. ३७ पुढे मी "शास्त्रास अज्ञात" असे लिहिले. आपल्या दप्तरी त्याची नोंद "तज्ज्ञांस ओळखता आले नाही" अशी झाली.

५. तेव्हापासून प्रकरण थांबले आहे. नाव कळल्याशिवाय नमुना परत देता येत नाही, असे आपले म्हणणे आहे. नमुना मान्यताप्राप्त संग्रहात जमा केल्याशिवाय शास्त्रात नाव देता येत नाही, हा माझा नाइलाज आहे. "पांढरमुंडी" हे नाव मी सुचवले होते. ते आपल्या यादीत नसल्याने नामंजूर झाले.

६. दरम्यान, २०२३ च्या उन्हाळ्यात त्या तलावाचे खोलीकरण होऊन संपूर्ण काठाला दगड बसवण्यात आले. काम नीटनेटके झाले आहे. त्यानंतरच्या तिन्ही हिवाळ्यांत मी तो काठ गुडघ्यांवर बसून पाहिला. अनुसयाबाईही काठी टेकत आल्या. एकही रोप दिसले नाही. "गेलं वाटते," त्या म्हणाल्या. आज ही वनस्पती पृथ्वीवर कोठे असल्याचे ठाऊक असेल, तर ते आपल्या गोदामात, सागाच्या ओंडक्यांमागे आहे.

७. गोदाम गळते, तिथे वाळवी आहे. तरीही मागील पाहणीत नमुना शाबूत दिसला. कोणीतरी वेळोवेळी ओले कागद बदलून डांबरगोळ्या ठेवत आले आहे. त्या व्यक्तीचे नाव मला ठाऊक नाही आणि चौकशी झाल्यास तेव्हाही ठाऊक नसेल.

८. आता संदर्भीय पत्रानुसार, गुन्हा नोंद नसल्याने सदर "निरुपयोगी गवत" ३० जानेवारीस जाळण्यात येणार आहे. याबाबत मी आपल्या लिपिकांना भेटले. ते सहानुभूतीने म्हणाले, "केस असती त पुरावा म्हणून सांभाळला असता मॅडम. निकाल लागेपर्यंत हातच लावता येत नाही."

९. सबब विनंती की, माझ्याविरुद्ध तातडीने वनगुन्हा नोंदवावा. लागेल तो जबाब मी देईन, लागेल तेथे हजर राहीन. मात्र गुन्हा कबूल करणार नाही, कारण त्यामुळे निकाल लवकर लागण्याची भीती आहे. खटला जितका लांबेल तितका लांबू द्यावा. माझ्यामागे कोणी विद्यार्थी हा विषय घेईल, तोवर पुरावा कोरडा राहावा, एवढीच अपेक्षा आहे.

आपली नम्र, आणि मंजुरी मिळाल्यास आपली आरोपी,

(सही)
डॉ. शामकला उदाराम लांजेवार
रा. दवनीवाडा, ता. जि. गोंदिया
दि. १९ जानेवारी २०२६

सोबत :
१. पंचनाम्याची प्रत
२. माझ्याच मुद्देमालासाठी तज्ज्ञ म्हणून माझ्या नेमणुकीचे पत्र
३. श्रीमती अनुसयाबाई कापगते यांचा जबाब, अंगठ्यासह
४. अर्जदार फरार होणार नसल्याबाबत प्राचार्यांचा दाखला